सर्वांत कमी दराचा मजला

दादाने पाकिटं उघडायला रविवारची सकाळ निवडली. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि जेवणाचं टेबल स्वतःच्या हाताने पुसलं. टेबलावर तीन बंद पाकिटं आणि एक कात्री. मला आणि वहिनीला त्याने समोर बसवलं.

"साक्षीदार लागतात," तो म्हणाला.

"तुमच्या ऑफिसात साक्षीदारांना चहा मिळायचा ना?" वहिनी म्हणाली. "मग आज तुम्हीच करा."

दादा हसला नाही. कामाच्या वेळी तो हसत नाही.

माझा हा थोरला भाऊ जन्मभर एका मोठ्या कार्यालयाच्या खरेदी विभागात होता. खुर्च्या, पंखे, कागद, फिनेल, सगळं त्याच्या सहीने यायचं. पद्धत एकच. भाव बंद पाकिटांत मागवायचे, ती चारचौघांसमोर फोडायची आणि ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम द्यायचं. दादा निवृत्त झाला, पद्धत झाली नाही. घरातला फ्रीज असाच आला. वहिनीचा चष्माही असाच आला, आणि तो नाकावरून अजून घसरतो. त्याच्या मुलाचं, म्हणजे माझ्या भाच्याचं लग्न ठरवायची वेळ आली तेव्हा हा मुलींच्या घरून पाकिटं मागवतो की काय, अशी मला धास्ती होती.

त्या रविवारच्या पाकिटांत माझा मजला होता.

घर आमच्या आईवडिलांचं. बसकं, जुन्या विटांच्या भिंतींचं. बेडरूम एकच, ती दादा-वहिनीची. भाचा होता तोवर तो आणि मी हॉलमध्ये झोपायचो. नोकरी लागल्यावर तो दुसऱ्या शहरात गेला, मी हॉलमध्येच राहिले. मी लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारणाऱ्यांना मी हल्ली उत्तर देत नाही. एका लॉन्ड्रीच्या काउंटरवर उभं राहून म्हातारी झाले, आणि साठीला टेकले तरी घरात मी धाकटीच. धाकटीला खोली कशाला? ताप असला तरी बेल वाजली की उठून चादर गोळा करायची. रडायचं झालं तर न्हाणीघरात जायचं आणि नळ सोडायचा. वहिनी वाईट नव्हती, दादा तर नव्हताच. पण माझं असं एक दार त्या घरात नव्हतं.

नोकरी संपताना जे काही हाती पडलं, ते सगळंच्या सगळं मी दादाला दिलं. म्हटलं, "वर मला एक खोली बांधून दे. न्हाणीघर आणि बाहेरून जिना. बाकी तुला हवं तसं कर."

पहिलं पाकीट ज्या कंत्राटदाराचं होतं, त्याने येऊन भिंती ठोकून पाहिल्या होत्या आणि पायाशी खड्डा खणून बघायला मागितला होता. त्याचा आकडा वाचून वहिनी पाणी प्यायली. त्याचं म्हणणं असं, की आधी जमिनीतून खांब उचला, ते खालच्या घरातून वर न्या आणि त्या खांबांवर मजला घ्या. दुसऱ्यानेही खांबच लिहिले होते, दर जरा कमी. माझ्या पैशांत हा दुसरा बसत होता. तिसऱ्या पाकिटात खांबांचं नावही नव्हतं आणि आकडा दुसऱ्याच्या निम्म्याहून खाली होता.

"बघितलंस?" दादा मला म्हणाला. "दोघांनी खांब घुसडलेत. आपण खालचं घर बांधायला सांगितलं होतं का? मागितलं नाही ते वाढायचं आणि पैसे लावायचे, हा यांचा धंदा."

"अहो, पण दोघंही तेच म्हणताहेत," वहिनी म्हणाली.

"दोघंही महाग आहेत," दादा म्हणाला आणि तिसऱ्याच्या पाकिटावर तारीख टाकून त्याने सही केली.

या तिसऱ्याचं नाव वहिनीने पहिल्याच भेटीत 'होईल' ठेवलं. स्वच्छ बूट, हातात दोन फोन, आणि प्रश्न पुरता व्हायच्या आत उत्तर तयार. जिना बाहेरून? होईल. परवानगी? होईल, काका, ते माझ्यावर सोडा. भिंती जुन्या आहेत, पेलतील का? "मावशी, होईल!" दादाने रीत म्हणून दर आणखी थोडा खाली ओढला, तर तो त्यालाही होईल म्हणाला. लॉन्ड्रीत आमच्याकडे असा एक कामगार होता. डाग न बघताच "निघेल" म्हणायचा आणि कपडा फाडून ठेवायचा.

घर पाहावं बांधून म्हणतात ते खरं. घरभर वाळू, आमटीतही वाळू. दादा अंगणात खुर्ची टाकून दिवसभर बसायचा. सिमेंटची पोती मोजायचा, फरशा मोजायचा, नळ फिरवून पाहायचा. एक फरशी कोपऱ्यात टवका उडालेली निघाली तर त्याने ती परत पाठवली. खरेदीतल्या माणसाला दारात आलेला माल तपासता येतो. ज्या जुन्या भिंतींच्या डोक्यावर हा सगळा माल चढत होता, त्या काही दारात आल्या नव्हत्या.

आणि मजला झाला. खरंच झाला. मी वर राहायला गेले.

पहिल्या दिवशी मी दार लावलं आणि पलंगावर नुसती बसून राहिले. मग मोठ्याने बोलून पाहिलं. मग गायले, बेसूर, पण कोणी ऐकायला नव्हतं. कपाटात माझे कपडे पहिल्यांदाच एका ठिकाणी आले. आजवर ते वहिनीच्या कपाटात, ट्रंकेत, दाराआडच्या खुंटीवर असे विखुरलेले असायचे. दुसऱ्या दिवशी वहिनी जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून म्हणाली, "वन्सं, येऊ का वर?" जन्मात मला असं कोणी विचारलं नव्हतं. मला इतका आनंद झाला, की मी तिला उगाचच थोडा वेळ थांबवलं आणि मग "ये" म्हटलं.

खाली स्वयंपाकघराचं दार अडकायला लागलं ते त्याच सुमारास. वहिनीने कडेला साबण घासला. दार पुन्हा अडकलं. मग खिडकीच्या कोपऱ्यातून एक तडा निघाला आणि तिरका वर चढत गेला.

होईल आला, तेव्हा अजून तो फोन उचलायचा. त्याने तड्यात पुट्टी भरली, वरून रंग मारला. "घर बसतंय, काका. नव्या सुनेला नाही का रुळायला वेळ लागत?"

"आमची सून रुळायला आलीच नाही," वहिनी म्हणाली. "तिकडेच वेगळं घर घेतलं तिने."

दादाचं मात्र समाधान झालं. तडा रंगाखालून परत आला, आणि येताना शेजारी आणखी एक घेऊन आला. तेवढ्यात होईलचे दोन्ही फोन बंद झाले. रोज सकाळी दादा चष्मा लावून भिंतीपाशी उभा राहायचा. मी वर चालताना पाय हळू टाकायला लागले, जसं काही माझ्या वजनाचाच प्रश्न होता. वर दार लावलं की पूर्वी बरं वाटायचं. आता दार लावून मी खालचा कानोसा घ्यायची.

एका दुपारी वहिनी भाजी चिरत असताना तिच्यामागच्या खिडकीची काच आपोआप फुटली. कोणी दगड मारला नव्हता, वारा नव्हता. चौकटच दबली होती. हॉलची भिंत मधोमध फुगलेली त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा पाहिली, म्हणजे खरं तर पाहिली आणि मान्य केली.

दादाने अपमान गिळला आणि पहिल्या पाकिटाच्या कंत्राटदाराला बोलावलं. तो बिचारा एका शब्दानेही आम्हाला टोचून बोलला नाही. सगळ्या भिंतींवरून हात फिरवला, बाहेर जाऊन पाया पाहिला, जिन्याखाली वाकून पाहिलं.

"वर कोण झोपतं?" त्याने विचारलं.

"मी."

"आजपासून नको, ताई. आणि खालीही कोणी नको."

"वरचं सगळं उतरवलं तर?" दादा म्हणाला. "दुरुस्तीचं जे काय असेल ते..."

"पाया सरकलाय, साहेब. वरचं उतरवता उतरवता खालचं अंगावर येईल. आता पाडणंच आहे, तेही शेजाऱ्यांच्या भिंतीवर पडायच्या आत."

नाकापेक्षा मोती जड, असं आई म्हणायची, कोणी ऐपतीबाहेर मिरवलं की. मी काही मिरवलं नव्हतं. एक खोली मागितली होती.

मग सरकारी माणसं आली आणि दारावर नोटीस चिकटवून गेली. परवानगी कोणी काढलीच नव्हती, त्यामुळे भरपाईचं नावही काढायची सोय नव्हती, उलट पाडायचा खर्चही आमच्याच माथी. माझे उरलेले पैसे त्यातच गेले. दादाने कुठून तरी होईलचा नवा नंबर मिळवला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मी ऐकलं.

"काका, खालच्या भिंतींचं काम माझ्या पाकिटात होतं का?" तो अगदी शांतपणे म्हणाला. "मागितलं तेवढं दिलं. वरच्या मजल्याला एक तरी तडा गेलाय का, सांगा."

गेला नव्हता. माझी खोली शेवटपर्यंत नवीकोरी होती.

भाच्याचा फोन आला तोही दादाने स्पीकरवरच घेतला, त्याला दुसरं जमत नाही. "बाबा, आईला घेऊन तुम्ही ताबडतोब इकडे या," तो म्हणाला. "आत्याचं काहीतरी बघू."

"बघू म्हणजे काय? ती आमच्याबरोबरच येईल. हॉलमध्ये झोपेल, तिला सवय आहे."

मग तो म्हणाला, "बाबा, समजून घ्या ना. हॉलमध्ये आमची छकुली झोपते. जागाच नाही हो." तो काही खोटं बोलत नव्हता. त्याचं घर मी पाहिलंय.

वहिनीचं सामान मी बांधलं. तिला सुचत नव्हतं. ती चमचे साड्यांत गुंडाळत होती आणि मधेच माझा हात धरत होती. "वन्सं, चार दिवसांत तुम्हाला बोलावून घेते," असं ती म्हणाली, आणि आम्ही दोघीही ते चार दिवस कसले ते जाणून होतो.

गाडी आली. वहिनी आत बसली. दादा फाटकाशी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्या महिन्यात तो फार वाळला होता.

"मला दुसऱ्याला काम द्यायचं होतं," तो म्हणाला.

"कोणाला?"

"दुसऱ्या पाकिटवाल्याला. खांबांचं त्याचं म्हणणं मला पटलं होतं. मी काही इतका मूर्ख नाही, धाकटे. पण पैसे तुझे होते. ऑफिसात महागाच्या माणसाला काम दिलं की लोक लगेच म्हणायचे, याने मधे खाल्ले. सर्वांत कमी दराकडे कोणी बोट दाखवत नाही. मला वाटलं, उद्या तुझ्या मनात नको यायला, की भावाने माझे पैसे खाल्ले."

माझ्या मनात ते कधीच आलं नसतं. तो माझ्याकडे बघत उभा होता. मी आरडाओरडा करावा, शिव्या द्याव्यात, म्हणून थांबल्यासारखा. मलाही तेच हवं होतं, पण कशावरून चिडायचं तेच माझ्या हाती राहिलं नव्हतं.

"खाल्ले असतेस तर बरं झालं असतं, दादा," मी म्हटलं. "निदान भांडता आलं असतं तुझ्याशी."

ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला, तेव्हा तो जाऊन वहिनीच्या शेजारी बसला. मी कुठे जाणार, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.