दुसरं कुर्र

रुद्र दीड वर्षाचा झाला तरी हाकेला वळून बघत नाही, ही गोष्ट वडगाव रासाईच्या त्या घरात एकट्या अनुपमाला छळत होती. बी.एस्सी. झालेली ती. पोराच्या मागे उभी राहून कधी टाळी वाजवायची, कधी डबा आपटायची आणि त्याच्या मानेकडे बघत बसायची. नवरा सत्यजीत कंपनीत पाळ्यांमध्ये कामाला. तो म्हणायचा, "आईला विचार."

आणि आई, म्हणजे सारजाबाई, ठाम होत्या. "बारशाला आत्यानं, आमच्या प्रतिभानं, कानात कुर्र केलं तवा कसा दचकला व्हता! समद्या बायांनी बघितलंय. काय पन खूळ घेतीस गं डोक्यात!"

शेवटी अनुपमानं अंगणवाडीत ओळख झालेल्या सुरेखाताईंना घरी बोलावलं. दौंडच्या एका संस्थेत त्या समाजकार्यकर्त्या होत्या. आता ताई सासूला दोन शब्द सुनावतील, अशी तिला आशा होती. पण ताई आल्या, ओसरीवर बसल्या आणि सारजाबाईंशी गाईच्या दुधावर बोलत राहिल्या. वर चहाही मागून घेतला. अनुपमा आतल्या आत धुमसत होती. बोलावलं मी आणि ही बाई बसलीय सासूच्या पंगतीला!

मग ताई म्हणाल्या, "आजी, बारशाला कसं केलं होतं, मला दाखवा की."

सारजाबाईंना तेच हवं होतं. चमच्याशी खेळणाऱ्या रुद्रच्या कानाशी वाकून त्यांनी "कुर्रर्र" केलं. पोरगं खुदकन हसलं.

"बघा! हाय का न्हाई ऐकू?"

सुरेखाताईंनी मान डोलावली. "छान दाखवलंत. आता तसंच, पण मागनं. तोंडापुढं पदर धरा, म्हणजे तुमचा श्वास त्याच्या कानाला लागायचा नाही."

सारजाबाई दोन पावलं मागं सरल्या, पदर धरला. "कुर्रर्र! रुद्रा! आरं ए रुद्रा!"

गोठ्यातल्या गाईनं कान टवकारून मान वर केली. रुद्र चमचा उलटा करून बघत होता.

सारजाबाईंच्या हातातला पदर खाली आला. त्या रुद्रच्या शेजारी खाली टेकल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजी माझ्या लेकराला नुसती फुंकर कळत व्हती व्हय?"

"मी कानाची डॉक्टर नाही, आजी," ताई म्हणाल्या. "तपासल्याशिवाय काही सांगता यायचं नाही. पण कुठं तपासतात, कुणाला भेटायचं, ते मी बघते. सोबत येते. जायचं का, ते मात्र तुम्ही घरच्यांनी ठरवायचं."

सारजाबाई सुनेकडे वळल्या. "अनू, कवा निघायचं?"

तो प्रश्न ऐकून अनुपमा आत जाऊन रडली. ताईंवर मनातल्या मनात आपण किती चिडलो, याची तिला लाज वाटली. सासूला हरवलं असतं, तर हे पोर तपासायला दौंडला पोचलंच नसतं.

दौंड झालं, मग पुणं झालं. दोन्ही कानांना मशीन बसलं. पहिले काही आठवडे रुद्र ते ओढून फेकायचा, आणि सारजाबाई न कंटाळता पुन्हा बसवायच्या. सराव कसा घ्यायचा हे शिकवायला ताई येत राहिल्या. तसलंच मशीन लावणाऱ्या केडगावच्या एका पोराच्या आईशीही त्यांनी गाठ घालून दिली. अनुपमाची रात्रीची झोप परत आली ती तिच्याशी बोलून.

मग एके दिवशी सारजाबाईंनी फर्मान काढलं, "पुन्यांदा बारसं! पोरानं नाव ऐकलंच कुटं? आन् सुरेखा, कुर्र तू करायचं."

"मी नाही, आजी. ज्यांच्या आधी लक्षात आलं त्यांनी करावं."

अनुपमा चमच्याशी खेळणाऱ्या रुद्रच्या कानाशी वाकली. फार जवळ गेल्यानं मशीन कुईऽऽ करून शिटी वाजवायला लागलं.

"आगं मागं सर! मशीनच कुर्र करतंया!" सारजाबाई ओरडल्या. ओसरीभर हसू फुटलं.

अनुपमा मागं सरली. ओढणी तोंडापुढं धरली. मग म्हणाली, "रुद्र."

चमचा थांबला. मान वळली. त्यानं आईला शोधलं.

बारशात कुर्र करणारीच्या पाठीत बुक्के घालतात. सारजाबाईंनी भरल्या डोळ्यांनी सुनेच्या पाठीत एक घातला. मग चहाचा कप सावरत दाराशी सरकणाऱ्या सुरेखाताईंना दंडाला धरून ओढलं आणि त्यांच्या पाठीत दोन घातले.