माझ्या पानांना ताप आला तेव्हा

मित्रांनो, सौसरहून मोहगावकडे जाताना तुळशीरामचा संत्र्याचा बगिचा लागतो. त्यात विहिरीजवळचं, वयानं सगळ्यांत मोठं झाड दिसलं की समजा, ते मी. माझं बूड आहे जंबेरीचं, म्हणजे एका रानटी लिंबाचं, आणि वरचं अंग संत्र्याचं. लहानपणीच आम्हा दोघांना एकत्र बांधून कलम केलं होतं. ते कलम चंद्रकलाबाईनं, म्हणजे तुळशीरामच्या बायकोनं, आपल्या हातानं इथं लावलं. त्याला आता बावीस वर्षं झाली.

थोडी बढाई मारतो, ऐकून घ्या. तुमच्या घरात गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला मोटार लागते. वीज गेली की बोंब. मी रोज शेंड्यापर्यंत पाणी चढवतो आणि शेजारच्या झाडाला चाहूलही लागत नाही. माझी बारीक तंतूसारखी मुळं मातीतली ओल शोषतात. ती ओल खोडातल्या बारीक नळ्यांमधून वर येते. पण तिला वर ओढतं कोण? तर पानं. पानांच्या पाठीवर बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाण्याची वाफ बाहेर पडते. जाणारं पाणी मागच्या पाण्याला ओढतं आणि मुळापासून शेंड्यापर्यंत सगळी रांग वर सरकते. शंभर तांबे प्यालो तर नव्वदाहून जास्त मी हवेत सोडून देतो. याला उधळपट्टी म्हणू नका. ती वाफ जाते म्हणून तर भर उन्हात माझं पान थंड राहतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. हिवाळ्यात आम्हा संत्र्यांचं पाणी महिनाभर तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पानं लोंबतात, जीव कासावीस होतो. मग पाणी सोडलं की अंगभर फुलं येतात. त्यामुळे इथल्या माणसांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आहे: पान लोंबलं म्हणजे झाड तहानलं.

तिथंच घोळ झाला. एका वर्षी ताण तोडताना, म्हणजे पुन्हा पाणी सोडताना, तुळशीरामनं हात सैल सोडला. माझं आळं खोलगट, माती काळी आणि चिकट. पाणी तुंबलं ते मुरेचना. चार दिवसांनी माझी पानं लोंबली. तुळशीराम म्हणाला, "याची तहानच जाऊन नाही राहिली." आणि त्यानं पुन्हा पाणी सोडलं. पानं आणखी लोंबली, पाणी आणखी आलं. अरे बाबा, मुळांनाही हवा लागते! चिखलात ती गुदमरली, कुजायला लागली आणि पाणी ओढायचं विसरली. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून तहानेनं मरत होतो. सांगणार कसं? झाडाला तोंड नाही.

महिना गेला. शेवटी तुळशीराम बायकोला म्हणाला, "हे झाड गेलं आता. याचा रोग बाकीच्यायले लागन. आयतवारी तो झाडं कापणारा दादाराव आरा घेऊन येते."

दुपारी निंदण करता करता चंद्रकलाबाई माझ्या सावलीला आली, म्हणजे जी काय सावली उरली होती तिथं. तिनं माझं एक पान गालाला लावलं. मग शेजारच्या झाडाचं लावलं. परत माझं.

"अवो, इकडं या," तिनं हाक मारली. "याले ताप हाये."

तुळशीराम हसला. "झाडाले कुठं ताप येते व?"

"ते पान पाहा, थंडगार हाये. अन् याचं तव्यावानी तापलं. हे पाणी पिऊनच नाही राहिलं, अन् तुम्ही पाजून राहिले."

तिनं खुरप्यानं माझ्या बुडाशी उकरलं. आंबूस वास आला. मूळ हातात धरलं तर साल निसटून आली. तुळशीरामचा चेहरा उतरला. "म्या आपल्या हातानं बुडवलं याले," तो म्हणाला.

मग तो कामाला लागला. आळं फोडून चर खणला, तुंबलेलं पाणी उताराला काढून दिलं. मुळांभोवतीची माती मोकळी केली. चंद्रकलाबाईनं माझ्या कोवळ्या फांद्या छाटल्या. पानं कमी, तर खर्च कमी. मोटार बंद. दादारावला दोन आयतवार थांबायला सांगितलं.

ते पंधरा दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. एकेक नवं मूळ फुटत होतं आणि एकेक नळी भरत होती. दादाराव ठरल्या दिवशी आला. जयभीम झाला, आरा टेकवून ठेवला. तुळशीराम सरळ माझ्यापाशी आला आणि त्यानं पान गालाला लावलं. पान थंडगार लागलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"दादाराव," तो म्हणाला, "आरा आणलाच हायेस तं वरच्या वाळल्या फांद्या तेवढ्या काप."

जिंकलो, मित्रांनो! पुढच्या वर्षी असा लदलो की फांद्यांना बांबूचे टेकू द्यावे लागले. आता या शिवारात कोणाचं झाड लोंबलं की तुळशीराम म्हणतो, "पयले माती पाह्य, मंग मोटार लाव." तुम्हीही एवढं करा. घरातलं रोप मान टाकेल तेव्हा तांब्या घेऊन धावू नका. आधी मातीत बोट घाला. पाणी कमी झालं की झाड तहानेनं मरतं आणि जास्त झालं तरी तहानेनंच मरतं.

त्या बहराच्या पहिल्या तोडणीला चंद्रकलाबाईनं दादारावला बोलावलं आणि माझीच टोपली त्याच्यापुढं ठेवली. चार संत्री त्यानं उभ्या उभ्या संपवली. पाचवं सोलता सोलता म्हणाला, "बाप्पा, याले कापाले आलतो मी?"