पाचवं

तोंडं चार, दाढ्या चार, हात चार, कान आठ. डोळे सात, मागच्या चेहऱ्याचा एक अजून उघडायचा होता. शिवाय मुकुटाच्या वर दगडाचा एक गोल खुंट, नऊ सेंटीमीटर रुंद. तो मोजणीत कोणी धरत नसे. क्रेनचा पट्टा अडकवण्यापुरता तो ठेवायचा आणि मूर्ती उभी राहिली की कापून टाकायचा. कारखान्यात त्याला सगळे ‘पाचवं’ म्हणत. ब्रह्मदेवाला आधी पाच डोकी होती, पाचवं शंकराने छाटलं आणि ती कवटी त्याच्या हाताला चिकटून बसली, काही केल्या सुटेना. ही गोष्ट थोरलीने लहानपणी ऐकली होती, तीही वडिलांच्या, आबांच्या, हाताकडे बघत.

आबांचा उजवा पंजा पेला धरल्यासारखा अर्धवट वळून राहिलेला होता. डाव्या हाताने ते त्यात पेला बसवत आणि चहा पीत. कटरच्या कंपनांनी नसा गेल्या, असं डॉक्टर म्हणाले होते. थोरलीला ते पटलं होतं. आबा तेव्हा हो म्हणाले नव्हते, नाहीही.

ही मूर्ती पहिल्यापासून शेवटपर्यंत थोरलीची. आबांना छिन्नी धरता येत नव्हती. घरात चालता हात एकच उरला होता, तो तिचा.

सकाळी आबांनी मूर्ती उभी करायच्या जागेभोवती स्वतः वाळू पसरली. पाचवं सुटलं की हात मागे घ्यायचा, पडेल तिथे पडू द्यायचं, नाक फुटलं तर फुटू दे, दगड पुन्हा आणता येतो, हे त्यांनी तिला तिसऱ्यांदा सांगितलं. तिने मान डोलावली, पण नजर शेवटच्या डोळ्यावर होती.

“धरायचं नाही,” आबा म्हणाले. “मी धरलं होतं.”

ती वळून बघेपर्यंत ते वाळूचं रिकामं घमेलं उचलून निघाले होते.

दुपारी आठवा डोळा उघडला. क्रेनवाल्या काकाने मूर्ती उभी केली, पट्टा सोडला आणि कपाळावरचा घाम पुसत तो म्हणाला, चार तोंडं असून किती गप्प बसलाय बघ, आमच्याकडे एकाच तोंडाने घर डोक्यावर घेतलं जातं. थोरली हसत हसत शिडी चढली.

कटरने तिने खुंटाच्या बुडाशी गोल खाच पाडली. उरलेला मधला भाग बोटाएवढा झाल्यावर कटर बंद करून बाजूला अडकवला आणि छिन्नी लावली. दुसऱ्या घावाला बारीक आवाज आला, सुकी काटकी मोडावी तसा. पाचवं पुढे कलायला हवं होतं. ते मागे कललं, नुकत्याच उघडलेल्या डोळ्याच्या दिशेने.

हातोडी खाली पडली आणि थोरलीचा उजवा हात पुढे गेला. तिने तो पाठवला नव्हता.

दगड गरम होता. कटरने घासल्यामुळे असणार, असं तिच्या मनात आलं. मग तो गार पडेपर्यंत ती शिडीवर तशीच उभी राहिली.

“ठेव की आता खाली,” काका म्हणाला.

“ठेवतेय,” ती म्हणाली.

तिला खाली उतरवलं ते काकाने. आबा दारात उभे होते, जवळ आले नाहीत. दगड बोटांतून निघेना तेव्हा तो तिच्या हातातच छिन्नीने फोडावा लागला. छिन्नी काकाने धरली, घाव आबांनी घातले, डाव्या हाताने, एकही न चुकवता.

मूर्ती ठरल्या दिवशी गेली. कुठे टवकाही उडालेला नव्हता.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी थोरलीचा पंजा टेबलावर ठेवला आणि जमेल तेवढा उघडायला सांगितला. मग जमेल तेवढा मिटायला सांगितला. दोन्ही वेळा अंगठ्याच्या आणि मधल्या बोटाच्या टोकांमध्ये मोजपट्टी लावली. नऊ सेंटीमीटर. नऊ सेंटीमीटर.