टँक मागितला होता

मी एक जुना रणगाडा आहे. भातसानगरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत, मला सिमेंटच्या चौथऱ्यावर उभं केलं आहे. इथून धरणाचं पाणी दिसतं. फक्त दिसतं, वर येत नाही.

मित्रांनो, माझा जन्म दूर दक्षिणेतल्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात चार माणसं बसत. वाळवंटात, तापलेल्या पोलादाआड, त्यांच्या घामाला आणि माझ्या तेलाला एकच वास येई. माझा चालक होता भिमा, याच वाडीचा. एका लढाईत आम्ही शत्रूचा रणगाडा फोडला. तेव्हा लोकांनी मला हार घातले आणि भिमाला मिठ्या मारल्या.

मग नवे रणगाडे आले. त्यांना अंधारात दिसे; धावता धावता त्यांचा नेम लागे. अशा एकाच्या किमतीत माझ्यासारखे कित्येक डागडुजी करून उभे राहिले असते. अधिकाऱ्यांत वाद चाले. "जुने ठेवा, स्वस्त पडतात," असं कुणी म्हटलं की मी सुखावे.

एकदा माझ्याच जातीच्या एका जुन्या रणगाड्याला मैदानात उभं करून त्याच्यावर नवा गोळा डागला. आत चार लाकडी पुतळे बसवले होते. गोळा पोलादातून आरपार गेला. दार उघडलं तेव्हा आत फक्त भुसा होता. त्या दिवशी माझी किंमत मला कळली. मी स्वस्त होतो, कारण हिशेबात पोलाद धरलं जाई, माणसं नव्हे.

पुढे मला मोडीच्या रांगेत ढकललं. भिमा निवृत्त होऊन वाडीत परतला. उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन दरी उतरत, म्हणून वाडीने त्याला पुढे केलं. माजी सैनिकांच्या एका सभेत तो छातीवर पदकं लावून गेला आणि मोठ्या साहेबांना म्हणाला, "साहेब, आमच्या वाडीला एक टँक द्या. एवढंच मागणं."

साहेबांचे डोळे भरून आले. रणगाड्यावरचा जवान दुसरा कुठला टँक मागणार?

मी ट्रेलरवरून आलो तेव्हा बाया हंडे घेऊन धावल्या. भिमाची वहिनी चंद्रकला माझ्या तोफेखाली उभी राहिली.

"भावजी, एवढी लांब तोटी आणलीव, नि पाणी नाय?"

सगळ्या हसल्या. भिमा हसला नाही.

त्याने पुन्हा खेटे घातले. कार्यालयात उत्तर मिळालं, "तुमच्या वाडीला टँक दिलाय की! फोटोसुद्धा आलाय." पाण्याच्या टाकीसाठी सपाट केलेली जागा माझ्या चौथऱ्याने खाल्ली होती.

एका महाराष्ट्र दिनी पाहुणे यायचे होते. मला धुण्यासाठी पाण्याचा टँकर आला. मे महिना, दरीतला झरा आटलेला. बाया भोवती उभ्या राहिल्या.

"ह्ये पाणी रणगाड्याला हाय, प्यायला नाय," टँकरवाला ओरडला.

पाइप भिमाच्या हातात होता. फौजेत त्याला शिकवलं होतं, आधी गाडीला पाणी, मग जवानाला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने पाठ फिरवली.

"वहिनी, हंडा पुढं कर."

"सायेब रागावतील, भावजी."

"रागावू दे गो. ह्याला तहान नाय."

टँकर रिकामा झाला. पाहुणे आले तेव्हा माझ्या अंगावर धूळ होती, कावळ्यांची शीट होती. "वीरांच्या स्मारकाची ही विटंबना!" ते भिमाला म्हणाले. भिमा सावधान उभा होता. त्याने सलाम केला, खुलासा केला नाही. पुढच्या वर्षी कार्यक्रम दुसऱ्या गावी झाला. टँकरही तिकडेच गेला.

मित्रांनो, अशा वेळी म्हाताऱ्या वस्तू म्हणतात, आमची निगा राखा. मी तसं म्हणणार नाही. मला धुवू नका, रंगवू नका. गंज माझा आहे, तो मला चढू द्या. चंद्रकला आजही माझ्या सावलीत रिकामा हंडा टेकवून दम घेते आणि दरी उतरू लागते. तिला पाणी द्या.