कडेची जागा

आमच्या जेवणाच्या खोलीतलं घराण्याचं चित्र जरा अरुंद आहे. त्यात डावीकडे माझ्या यजमानांची पहिली बायको ओलिवा होती. ती बाळंतपणात गेली. पुढे मी लग्न होऊन क्रेमोनाला येणार, म्हणून सासूबाईंनी तेवढा कॅनव्हास कापून घेतला. मला वाईट वाटू नये हा हेतू. यजमानांच्या बुटाजवळ तिच्या निळ्या झग्याचा काठ तेवढा राहिला.

यंदा नवं चित्र काढायचं ठरलं. मला दिवस गेले होते. रायनाल्दी मास्तर रंग घेऊन आले आणि त्यांनी खुर्च्या मांडल्या.

"झेलिंदाला कडेला बसवा," सासूबाई म्हणाल्या. "आणि मध्ये थोडी जागा सोडा."

"जागा कशाला, बाईसाहेब?"

"हवा खेळती राहते."

यजमान छताकडे बघत होते. मी हळूच म्हटलं, "अहो, तुम्ही तरी काही बोला."

"आईला चित्रातलं कळतं," ते म्हणाले.

मी कडेला बसले. मास्तरांनी नाक मुरडलं. "छे! सगळे दाताच्या वैद्याकडे बसल्यासारखे दिसताय. हल्ली चित्रात माया लागते. समोरच्या वकिलीणबाईंच्या चित्रात सून सासूच्या पायाशी बसलीय. बघायला रांग लागते!"

समोरच्यांकडे आहे आणि आपल्याकडे नाही, हे सासूबाईंना सोसत नाही. त्या विचारात पडल्या, तेवढ्यात मी उठले, त्यांच्या पायाशी बसले आणि डोकं थेट त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"अगं ऊठ! रेशीम आहे ते!"

"असू द्या हो आई. तुमच्याशिवाय मला कोण आहे?"

"हलू नका!" मास्तर ओरडले. "बाईसाहेब, हात तिच्या केसांवर. वा!"

"पण मास्तर," सासूबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "उद्या हिला काढायची वेळ आली तर?"

"तर तुमचे गुडघे जातील. आणि हातही."

सासूबाईंनी हात ठेवला. बैठक संपेपर्यंत त्या माझा अंबाडा मुळापासून उपटत होत्या. मी मान हलवली नाही.

चित्र भिंतीवर लागलं. वकिलीणबाई बघायला आल्या आणि तिथेच थबकल्या. "बाई गं! सुनेच्या डोळ्यांत पाणी काढलंय! एवढी माया कशी लावलीत हो तिला?"

सासूबाई लाजल्या. म्हणाल्या, "माझा हातगुणच तसा आहे."