डाव्या बुटातली पट्टी

"आता हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही," म्हातारा मोची ओठांतले खिळे सांभाळत म्हणाला, "पण मागच्या खेपेला या ढिगातला एक बूट आपल्या पायांनी चालत माझ्यापाशी आला. म्हणाला, बाबा, टाच तेवढी बघ."

"बुटाला कुठले पाय, मामंजी?" दोऱ्याला मेण लावता लावता सून हसली.

"तेच तर, सूनबाई! हल्ली बुटांना पाय मिळतात कुठे?"

पोतं रिकामं करणारा हवालदार मात्र हसला नाही.

गल्लीत म्हाताऱ्याला थापाडेबुवा म्हणत. आपसातली लढाई पेटली तेव्हा पोरं अनवाणी भरती झाली होती. पाय उदंड, बुटांचा पत्ता नाही. कातडं कमावायचा कारखाना नदीपलीकडे, म्हणजे त्यांच्या बाजूला गेला. इकडे उरल्या घोषणा, आणि घोषणांचा तळवा शिवता येत नाही, असं म्हातारा म्हणे. मग ट्रकच्या झिजल्या टायरांचे तळवे कापायचे, आघाडीवरून परत आलेले बूट धडके करायचे आणि पुढच्या तुकडीला घालायचे, असा रिवाज पडला. बूट कुणाचे, हे तेवढं विचारायचं नाही.

"संध्याकाळी सगळे हवेत," हवालदार म्हणाला. "नवी तुकडी शाळेच्या पटांगणात उभी आहे."

"कुणाच्या मापाचे?"

"शाळेतल्या पोरांच्या. आणि थोडे तुमच्यासारख्यांच्या. मधलं कुणी उरलंय कुठे?"

"पोरांना हे ढगळ होतील की हो!"

"चिंध्या कोंबतील."

म्हाताऱ्यानं ढिगातला एक बूट ओढला. सवयीनं आत हात घातला, आणि टाचेपाशी त्याची बोटं थबकली. आत कातड्याची पट्टी होती. जाड, एका कडेला तिरकी तासलेली. तासणी त्याच्याच रापीची.

म्हाताऱ्याच्या पोराचा डावा पाय जन्मापासून आखूड. आधी भरतीवाल्यांनी त्याला दोनदा हाकलून लावलं होतं, तेव्हा बापानं गल्लीत गूळ वाटायचा तेवढा बाकी ठेवला होता. पुढे माणसं कमी पडली आणि लंगडाही चालू लागला. निघताना म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातांनी ती पट्टी बसवली. पोरगं पळताना मागे पडू नये म्हणून.

"मामंजी, हे ह्यांचे बूट ना?" सुनेच्या हातातला दोरा खाली पडला. "नाडीचं हे भोक मीच शिवलं होतं."

म्हाताऱ्यानं ओठांतले खिळे एकेक करून तळहातावर काढले.

"त्याचेच! अगं, हे तर तुला मुळीच खरं वाटायचं नाही. पठ्ठ्यानं त्यांचं गोदामच लुटलं. नवेकोरे बूट चढवले पायात, अन् हे धाडले बापाला, हाताला काम हवं म्हणून! आता निघालाही असेल नदीच्या काठाकाठानं, लांब लांब ढांगा टाकत. काय हो हवालदार?"

हवालदार रिकाम्या पोत्याची घडी घालू लागला. "मिळालेत... काहींना नवे," तो पुटपुटला.

"बघ! मी थापाड्या, पण हे सरकारी माणूस आहे."

सुनेनं त्याच्या मांडीवरचा बूट उचलला. आत हात घातला. बराच वेळ तो बाहेर काढला नाही.

"पट्टी आत आहे, मामंजी," ती म्हणाली. "हिच्याशिवाय त्यांना समोरच्या नळापर्यंत जाता येत नाही. तुम्ही खोटं बोलताय."