दोन फाटे वजा

मार्लिस कुबियाकने काचेच्या कपाटाचं कुलूप काढलं, मांडणीतली चौथी रायफल उचलली, ती रिकामी असल्याची आधी स्वतःची खात्री करून घेतली, मग समोरच्या माणसाची करून दिली, आणि हिरव्या चटईवर ठेवली.

माणसाने रायफलीला हात लावला नाही.

"घ्या ना हातात."

"नको. चालेल. हीच द्या."

मार्लिसने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. टिंबरहॉर्न या शिकारीच्या सामानाच्या दुकानात, बंदूक विभागात, ती सात वर्षं उभी होती, आणि रायफल समोर ठेवल्यावर माणूस काय करतो हे तिला पाठ होतं. तो ती उचलतो, खांद्याला लावतो आणि समोरच्या अस्वलाच्या डाव्या कानावर नेम धरतो. काउंटरसमोर, दुकानाच्या मधोमध, तीस फुटी सिमेंटचा डोंगर होता. त्यावर पेंढा भरलेली हरणं, मेंढे, लांडगे वगैरे मंडळी एकमेकांना न खाता गुण्यागोविंदाने उभी होती. अस्वल सगळ्यांच्या वर होतं. त्या कानावर आजवर इतक्यांनी नेम धरला होता, की तो नुसत्या नजरांनी झिजला असावा असं तिला वाटे.

हा माणूस अस्वलाकडे पाहतच नव्हता. तो चटईकडे पाहत होता. सत्तरीच्या आसपासचा, दाढी पांढरी, चौकडीचा शर्ट नीट इस्त्री केलेला. शर्टाचं वरचं बटण मात्र एक घर चुकवून लावलेलं.

"हरणासाठीच ना?" तिने विचारलं.

"हो."

"जाता कुठे तुम्ही शिकारीला?"

"इथेच."

"इथेच कुठे?"

"असंच."

मार्लिसने काउंटरवरचं पेन उगाच सरळ केलं.

शनिवारी हंगाम सुरू होणार होता. विस्कॉन्सिनमध्ये हरणांच्या हंगामाचे नऊ दिवस म्हणजे कामाला सुट्टी, लग्नांना बंदी आणि भाऊबंदकीला तहकुबी. त्याआधीच्या आठवड्यात या काउंटरवर येणारा प्रत्येक माणूस हरणाची गोष्ट सांगे. न विचारता सांगे. गेल्या वर्षी थोडक्यात निसटलेलं हरिण, शिंगांना किती फाटे होते, वारा कुठून होता, मेव्हण्याला नेमकी कधी शिंक आली. मार्लिस ऐकून घेई आणि मनातल्या मनात दोन फाटे वजा करी. बारा म्हणाला तर दहा, दहा म्हणाला तर आठ. हा हिशेब सात वर्षांत चुकल्याचं तिला आठवत नव्हतं. माणसं थापा मारत, पण सगळी एकाच मापाने मारत, त्यामुळे व्यवहार सुरळीत चाले.

गोष्ट न सांगता रायफल मागणारा माणूस तिने फार कमी वेळा पाहिला होता.

"एकटेच जाता?" ती म्हणाली.

"पूर्वी बायको असायची बरोबर. आणि तिचा भाऊ, व्हर्लिन. पाइक लेकला बोटींची इंजिनं दुरुस्त करतो तो." एवढं बोलल्यावर त्याला दम लागल्यासारखं झालं. "या वर्षी मी नाही म्हणून कळवलंय त्याला."

"मग रायफल?"

त्याने खिशातून गाडी चालवायचा परवाना काढून चटईवर ठेवला. लायल स्टेनरूड. फोटोतल्या माणसाचं बटण बरोबर होतं.

"फॉर्म द्या," तो म्हणाला.

तिने सरकारी फॉर्म दिला. त्याने तो उभ्याउभ्या भरला, सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड न करता. मागे रांगेत अकराजण होते. अठ्ठेचाळीस नंबरचं टोकन असलेला लाल टोपीवाला शेजाऱ्याला सांगत होता, "अरे, चौदा फाटे! आईशप्पथ! माझ्यापासून इथे, त्या फ्रीजएवढ्या अंतरावर!"

"आणि तू काय करत होतास?"

"सँडविच खात होतो."

रांग हसली. लायल स्टेनरूड हसला नाही, आणि रागावलाही नाही. ते जे चाललं होतं ते दुसऱ्या कुठल्या तरी खोलीत चाललं असावं, असा त्याचा चेहरा होता.

"साफसफाईची पेटी घेणार?" मार्लिसने विचारलं. हे विचारणं सक्तीचं होतं.

"नको."

"पाच वर्षांची जादा हमी?"

"नको."

दुसरा नकार पहिल्यापेक्षा किंचित लवकर आला.

तिने फॉर्म संगणकाजवळ नेला. गिऱ्हाइकाच्या सरकारी तपासणीचं पान उघडलं, आणि एकही अक्षर न दाबता थोडा वेळ त्या पानाकडे पाहत राहिली. मग परत आली.

"यंत्रणा बंद आहे हो. सकाळपासून असंच चाललंय. तुम्ही असं करा, सोमवारी..."

"बंद कुठे?" मागून आवाज आला. ब्रेंट ऑस्टरबर्ग, दुकानाचा व्यवस्थापक, हातात खोकं घेऊन चालला होता. "आत्ता त्या टोकाला एक तपासणी झाली की! छान चालू आहे. काळजी करू नका सर, दोन मिनिटांत मोकळं कराल ना मार्लिस तुम्ही यांना?" आणि तो आनंदाने पुढे गेला.

ब्रेंट वाईट मुलगा नव्हता. मार्लिस पूर्वी शाळेच्या कचेरीत होती, तेव्हा त्याच्या उशिरा येण्याच्या चिठ्ठ्या तिनेच लिहिल्या होत्या. आता तो टिंबरहॉर्नमध्ये गिऱ्हाइकांना गिऱ्हाईक म्हणू देत नसे. पाहुणा म्हणायचं. प्रत्येक पाहुण्याच्या पावतीखाली छापलेलं असे, 'आमची सेवा कशी वाटली?' आणि पाच रिकामे तारे.

नऊ वर्षांपूर्वी तशीच एक पावती मार्लिसला तिच्या धाकट्या भावाच्या, डेनीच्या, ट्रकमध्ये सापडली होती, तो गेल्यानंतर. दुकान दुसरं, गाव दुसरं, तारे तेच. डेनीने पाचही तारे पेनाने भरले होते. ज्याने त्याला बंदूक विकली, तो फार अदबीने वागला असणार.

"बाई," लायल स्टेनरूड म्हणाला, "चालू आहे म्हणाला तो."

"हो."

"मग?"

मार्लिस पुढे वाकली. "तुम्ही बरे आहात ना?"

"हा प्रश्न फॉर्मवर आहे का?"

"नाही."

"मग उत्तर द्यायला नको."

"नको. पण मी ही तुम्हाला विकणार नाही."

ती हळू बोलली होती, पण रांगेतलं सँडविच एकदम थांबलं. लायलच्या गालाचा वरचा भाग हळूहळू लाल झाला.

"चाळीस मैल गाडी चालवत आलोय मी."

"माहीत आहे."

"कारण काय?"

"कारण सांगायचं आमच्यावर बंधन नाही. नियमच आहे तसा."

"दुकानं काय तुमचं एकच आहे?"

"नाही," ती म्हणाली. "बरीच आहेत."

त्याने परवाना उचलला. पहिल्यांदा तो हातातून निसटला. तो डोंगराला वळसा घालून गेला. अस्वलाकडे त्याने जातानाही पाहिलं नाही.

"अठ्ठेचाळीस," मार्लिसने पुकारलं. लाल टोपीवाला पुढे आला. त्याने टोपी काढून काखेत धरली.

जेवणाच्या सुट्टीत ती गाडीत जाऊन बसली आणि हायवेवरच्या दुसऱ्या दुकानात फोन लावला. तिथला हार्लन तिच्या ओळखीचा होता.

"म्हातारा आहे, पांढरी दाढी, चौकडीचा शर्ट, गप्प गप्प," ती म्हणाली. "आला तर विकू नकोस."

"मार्लिस, तू आत्ता माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांचं वर्णन केलंस."

"हरणाची गोष्ट सांगणार नाही तो."

पलीकडे हार्लनने गल्ल्याचा खण लोटला. मग म्हणाला, "बरं. बघतो."

नंतर तिने पाइक लेकच्या इंजिनवाल्याचा नंबर शोधला. गिऱ्हाइकाबद्दल, म्हणजे पाहुण्याबद्दल, कळलेली कोणतीही गोष्ट दुकानाबाहेर वापरणं टिंबरहॉर्नच्या नियमांत सातव्या पानावर मना होतं. तिने ते पान सही करून दिलं होतं.

"व्हर्लिन का? तुमचे मेव्हणे आत्ता आमच्याकडे रायफल घ्यायला आले होते. मी दिली नाही."

मागे कानस घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"त्याच्याकडे आहे की रायफल," व्हर्लिन म्हणाला. आणि मग, "अं, नाही. उन्हाळ्यात विकली. माझी बहीण गेल्यावर, आर्डिस."

"म्हणूनच फोन केला."

"हं," व्हर्लिन म्हणाला आणि फोन ठेवला.

या 'हं'चा अर्थ काय, यावर मार्लिसने पाच आठवडे काढले. त्या भागातले पुरुष लग्नाला, आगीला आणि हवामानाला तेवढंच म्हणत. तिने पुन्हा फोन केला नाही. काय ऐकू येईल याची तिला भीती वाटत होती. जिल्ह्याचं साप्ताहिक बुधवारी येई. ती कॉफी ओतायच्या आधी शेवटून दुसरं पान उघडे आणि मृत्यूच्या बातम्यांत थेट 'एस'वर बोट ठेवी. त्या जिल्ह्यात श्मिट फार. एका बुधवारी तीन श्मिट एकदम गेले, आणि ती त्यांच्यावरून बोट घाईघाईने खाली नेत गेली. नंतर तिला त्या तिघांची लाज वाटली आणि तिने त्यांच्या बातम्या पहिल्यापासून नीट वाचल्या.

चाळीस मैलांवरची माणसं या साप्ताहिकात येतातच असं नाही, हे तिला माहीत होतं. म्हणून पान मिटल्यावरही सुटका नसे.

नाताळच्या आदल्या शुक्रवारी ब्रेंटने तिला आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर दोन कागद होते, आणि तिच्यासाठी कॉफीही. कॉफी पाहून प्रकरण गंभीर आहे हे तिने ओळखलं.

"बसा ना मार्लिस."

"तूच बस. मला उभं राहायची सवय आहे."

"तुमच्याबद्दल अभिप्राय आलाय. एक तारा." तो शब्द उच्चारताना त्याला खरंच त्रास झाला. "शून्य देता येत नाही म्हणून एक, असं लिहिलंय. आणि वर मुख्य कचेरीने पाहिलाय. ती तंबूची गोष्ट झालीच होती तुमची."

तंबूची गोष्ट म्हणजे, एका पाहुण्याला तिने सांगितलं होतं की त्याचा जुना तंबू चांगला आहे, नवा घेऊ नये. त्यावर पहिली लेखी ताकीद होती.

"कोणाचा आहे?" तिने विचारलं.

"नाव मी वाचत नाही, पण पाइक लेकच्या बाजूचे. वाचून दाखवू?"

"मला दे."

ब्रेंटने कागद दिला. तिने चष्मा नाकावर चढवला, आणि आधी वरची तारीख पाहिली. एकोणीस डिसेंबर. कालची. तिने ती दोनदा पाहिली. मग खुर्ची ओढली आणि बसली.

अभिप्राय लांबलचक होता.

'तुमच्या बंदूक विभागातल्या बाईंनी अकरा लोकांसमोर मला रायफल नाकारली. कारण दिलं नाही. वर माझ्या घरच्यांना फोन करून चहाडी केली. परिणामी शनिवारी पहाटे चार वाजता माझा मेव्हणा न विचारता घरात शिरला, माझे बूट स्वतः शोधून आणले आणि मला जंगलातल्या खोपटात घेऊन गेला. तिथे नऊ दिवस मी त्याचं घोरणं ऐकलं. तो बीन्सशिवाय काही शिजवत नाही. रायफल आमच्या दोघांत एकच, त्याच्या बापाची, आणि ती तो झोपतानासुद्धा उशाशी घेई. बोलायचं नाही असं ठरवूनही सहाव्या दिवशी मला बोलावं लागलं. त्यानंतर तो घरीही येतो, दर रविवारी, सांगूनसवरून न जाणारा पाहुणा. या सगळ्याला तुमचं दुकान जबाबदार आहे.

'आठव्या दिवशी संध्याकाळी ओढ्याच्या पलीकडे एक नर आला. शंभर पावलांवर. वारा माझ्या बाजूने. व्हर्लिनने अखेर रायफल माझ्या हातात दिली, पण तिची दुर्बीण वाकडी आहे, पन्नास वर्षांपासून वाकडी आहे. मी मागितलेली रायफल हातात असती तर तो सुटला नसता. दहा फाट्यांचा होता. पुढच्या वर्षी मी खरेदी दुसरीकडे करीन.'

मार्लिसने कागद उलटा करून मागे काही आहे का पाहिलं. काही नव्हतं.

"कायद्याने नकार द्यायचा तुम्हाला हक्क होता," ब्रेंट म्हणाला, "तो प्रश्नच नाही. पण फोन? सातवं पान! आणि बघा ना, पुढच्या वर्षी दुसरीकडे. पाहुणा गमावला आपण." तो थांबला. "मार्लिस? पाणी देऊ का?"

"नको."

"आता दुसरी ताकीद म्हटल्यावर मला तुम्हाला बंदूक विभागात ठेवता येणार नाही. सोमवारपासून दाराजवळच्या मिठाईच्या काउंटरवर. तिसरी झाली तर मग... इथे सही लागेल. तुम्हाला तुमची बाजू मांडायची असेल तर ही खालची जागा आहे. चार ओळी."

तिने पेन घेतलं. चार ओळींच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. बाहेर, काचेपलीकडे, कोणीतरी अस्वलाच्या कानावर नेम धरला होता.

"काही लिहायचंय?" ब्रेंटने विचारलं.

"त्यात एक चूक आहे," मार्लिस म्हणाली.

"कोणती?"

"आठच फाटे असणार."

आणि तिने सही केली.